वास गेला, विजेची शेगडी आली

जिंतूरच्या स्टँडवर गाडी सुटायच्या बेतात होती तेव्हा मायने खिडकीतून एक स्टीलचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. लग्नाला आठवडा झाला होता. शेजारी बसलेल्या मिलिंदशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, मी अजून मोकळेपणाने बोलतही नव्हते. डब्यात येसर होता. ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून दळलेला. आमच्याकडे आमटीला तोच लागतो. "तिकडं मिळत न्हाई म्हणत्यात. पुरवून वापर," माय म्हणाली. बाकी काही नाही. गाडी हलली तरी खिडकीचा गज धरून ती थोडी चालत आली, मग तिचा हात सुटला.

डब्यावर फडकं घट्ट बांधलेलं होतं, तरी गाडीभर वास सुटला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून विचारलं, "येसर का?" मिलिंदला लाज वाटली. मला मात्र त्या वासाने मुंबईपर्यंत धीर दिला.

मुंबई म्हणजे आमच्यासाठी भाईंदर. इंद्रलोक भागात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. समोरच्या दारात जिग्नाबेन. सुरुवातीला मला हिंदी धड येत नव्हतं आणि त्यांना मराठी. पण जिन्यात पाऊल टाकलं की कुणाकडे काय शिजतंय ते कळायचं. त्यांच्या वघारात, म्हणजे फोडणीत, हिंग जास्त असायचा, वरच्या मजल्यावर खोबरेल तेल, तळमजल्यावर बोंबील. आणि मी येसर लावलेली आमटी केली की जिग्नाबेन दारात यायच्या, "आज मम्मीवाला मसाला डाला?" मी हसायचे. तेवढ्यापुरती मी गावी जाऊन यायचे. तुम्ही जे गावी राहिलात, तुम्हाला हे कदाचित थट्टेचं वाटेल. जे माझ्यासारखे इकडे आलात, त्यांना सांगायची गरज नाही.

मग कोरोना आला. ताप उतरला, खोकला गेला, पण वास परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मिलिंदचा आला, ओळखीच्या सगळ्यांचा आला. माझा आला नाही. मी रोज सकाळी तो डबा उघडून नाकाशी धरायचे. भुसा हुंगावा तसं व्हायचं. एकदा येसर भाजताना करपला तरी मला कळलं नाही. मिलिंदने घास घेतला, पाणी प्यायला आणि गप्प बसून जेवला. त्याच्या त्या गप्प बसण्याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर एका दुपारी मी दूध गॅसवर ठेवून हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. दूध उतू गेलं, त्याने बर्नर विझला आणि गॅस तसाच सुरू राहिला. मी आरामात बसलेली. दारावर धपाधप हात पडले तेव्हा वाटलं, कुणाचं भांडण झालं की काय. दार उघडलं तर जिग्नाबेन नाकाला ओढणी लावून उभ्या.

"भाभी, लाइट को हाथ मत लगाना. कुछ चालू-बंद मत करना."

त्या आत शिरल्या, बर्नरचा नॉब बंद केला, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला दंडाला धरून जिन्यात ओढलं. मला ती हवा रोजच्यासारखीच वाटत होती.

मिलिंदने त्याच संध्याकाळी ठरवलं, घरात गॅस नको. इंडक्शन घ्यावं तर माझी भांडी ॲल्युमिनियमची, आणि मायने दिलेली तांब्या-पितळेची, ती त्यावर चालत नाहीत. म्हणून काळ्या काचेची, चार जागांची विजेची शेगडी घ्यायची ठरली. दुकानदार तिला कुकिंग रेंज म्हणत होता. ती बसवायच्या आत माय गावाहून आली. मी फोनवर काही सांगितलं नव्हतं, पण मिलिंदने सांगितलं असावं.

"काऊन रडतीस, सुजा? नाक गेलंय, जीव तर हाये ना," ती दारातच म्हणाली. मग बॅग खाली ठेवून तीच रडली.

जिग्नाबेनच्या ओळखीचे इलेक्ट्रिशियन सलीमभाई आले. मिलिंदला वाटत होतं, मिक्सरचा प्लग काढायचा आणि शेगडीचा लावायचा. सलीमभाईंनी बोर्ड उघडून दाखवलं. आतली वायर बारीक, त्यावरच फ्रिज, आणि अर्थिंगची वायर कशालाच न जोडता लोंबकळत होती. "इसपे रेंज चलाओगे तो वायर अंदर ही अंदर गरम होगी," ते म्हणाले. "वैसे गरम हुई तो पहले बास आती है. आपको पता चल जाएगा."

"मुझे बास नहीं आती, भैया," मी म्हटलं.

मायला हिंदी येत नव्हतं, पण एवढं तिला कळलं. स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून ती उभी होती, तिने मान खाली घातली. सलीमभाईंनी बोर्डाचं झाकण परत लावलं.

"तो फिर ऐसे लगाते हैं कि बास का काम ही ना पडे."

मग काम सुरू झालं. आधी वीज कंपनीकडून लोड वाढवून घेतला, सोसायटीची परवानगी घेतली. मीटरपासून शेगडीपर्यंत जाड तांब्याची वेगळी लाइन आली. तिच्यावर दुसरं काही जोडायचं नाही. तिला तिचा स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका. करंट गळला तर पडणारा आणखी एक. अर्थिंग नव्याने ओढून तपासलं. शेगडी सिंकपासून लांब घेतली, मागे भिंतीशी फट ठेवली आणि वायर तिच्या गरम पाठीला टेकणार नाही अशी बांधली. मेन स्विच बाजूच्या भिंतीवर लावला, तापलेल्या भांड्यावरून हात न्यावा लागू नये म्हणून. खिडकीचा पडदा काढून टाकला. छताला धुराचा अलार्म बसवला, आणि कागद पेटवून तो वाजतो का ते बघितलं. माय दचकली, मग म्हणाली, "बरं झालं. हे तरी वरडंल."

गॅसचा सिलेंडर परत गेला त्या दिवशी मिलिंद पहिल्यांदा शांत झोपला.

शेगडीवर पहिली भाकरी मायने केली. जाळ दिसेना म्हणून ती वाकून वाकून बघत होती. काचेवर लाल दिवा लागलेला, बंद केल्यावरही काच निवेपर्यंत तसाच. "जाळ न्हाई तर भ्या वाटत न्हाई, हेच वंगाळ," ती म्हणाली. "दिवा हाये तवर हात लावू नको." भाकरी जाळावर फुगवायची तिची सवय. इथे तिने तव्यावरच फडक्याने कडा दाबून फुगवली.

ती महिनाभर राहिली आणि त्या महिन्यात तिने मला नव्याने स्वयंपाक शिकवला. येसर भाजताना मी कालथा फिरवायचे आणि ती मागे उभी. "आता कच्चा हाये. आता सुटला बघ वास. आता खमंग झाला. बंद कर." मी विचारायचे, तुला वासाने कळतं, मला कशाने कळणार? मग ती स्वतःच वाकून बघायला लागली. डाळीचा रंग बदलतो तो कसा. धने तडतडायचे थांबतात ते कधी. ज्वारी कालथ्याला हलकी लागते ती कशी. सगळं आयुष्य नाकाने केलेलं काम ती माझ्यासाठी डोळ्याने आणि कानाने शिकत होती. त्या वयात. जाताना म्हणाली, "पुढल्या बारीला येईन तवर तुझं नाक आलंलं असंल."

पुढली बारी आली नाही. एका सकाळी धाकट्या बहिणीचा, शोभाचा फोन आला. माय झोपेतच गेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. गावाला शिरताना एक वास यायचा, शेणाचा, कडब्याचा, कुणाच्या तरी चुलीचा. तो आला की मी आले असं मला वाटायचं. त्या दिवशी मी घराच्या मधोमध उभी होते आणि आल्यासारखं वाटत नव्हतं. उदबत्त्या जळत होत्या, मोगऱ्याचे हार होते. मायच्या कपाळाला मी ओठ लावले. थंड लागलं. बाकी काही नाही.

जलदानविधी झाल्यावर शोभाने मायचं रोजच्या वापरातलं लुगडं काढलं. न धुतलेलं. तिने त्यात तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला. "ताई, माय हाये यात अजून." तिने ते माझ्याकडे दिलं. मीही तोंड खुपसलं. मऊ होतं, एका ठिकाणी ठिगळ होतं. मी खोल श्वास घेतला, परत घेतला. बायका थांबल्या होत्या, मी रडेन म्हणून. मला रडू आलं नाही. मी ते घडी करून शोभाला परत दिलं. म्हटलं, "तू ठेव. माझ्याकडे ते नुसतं कापड आहे."

लोक विचारतात, माहेरी का जात नाहीस. काय सांगू? मी भाईंदरला आहे. माझी लाइन वेगळी आहे, खटके वेळेवर पडतात, छतावरचा अलार्म मी अधूनमधून वाजवून बघते. इथे मला काही होणार नाही. मायने एवढंच मागितलं असतं. पण सुखरूप असणं आणि घरी असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला इथे कळलं.

शोभा दुपारी फोन करते. ती अधूनमधून मायचं लुगडं ठेवलेली ट्रंक उघडते आणि मला सांगते, "वास हाये गं अजून." मी म्हणते, कसा आहे सांग. ती सांगते. धुराचा, तंबाखूच्या मिश्रीचा, अंगाचा. मी डोळे मिटून ऐकते.

गेल्या आठवड्यात तिने ट्रंक उघडली, बंद केली, परत उघडली. मग म्हणाली, "ताई, आता न्हाई येत गं. गेला."

मला त्या दुपारी रडू आलं, इतक्या महिन्यांनी. ती तिकडे रडत होती, मी इकडे. फोन कुणीच ठेवला नाही. ती मायच्या घरातच बसली होती आणि मी तिसऱ्या मजल्यावर, पण मायचा वास आता तिलाही नव्हता; आम्ही दोघी एकाच बंद दाराबाहेर उभ्या होतो. घर म्हणायला आता माझ्याजवळ एवढंच आहे, की त्या दाराबाहेर मी एकटी नाही.