दादाचं पित्त
हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी लवकर कशी विरघळवायची, यावर मी मुंबईत आयुष्यभर संशोधन केलं. देशोदेशीच्या डॉक्टरांना ते पटलं.

गेल्या वर्षी पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत गेलो, तेव्हा थोरला चुलतभाऊ छाती चोळत पडवीत बसला होता. सकाळपासून दुखत होतं.

"दादा, हे हृदयाचं आहे. आत्ताच्या आत्ता महाडला चल."

"पित्त हाय रे. सोडा प्यायलोय. तुला जिथंतिथं हार्टच दिसतो."

मी ओरडलो, हात जोडले. शेवटी वहिनी रडायला लागली तेव्हा तो गाडीत बसला.

दादा वाचला, पण उशीर झाल्यानं हृदय कमजोर झालं. आता शेताचा चढही चढवत नाही. दादाचा राग येतो, आणि त्याहून जास्त त्या वाया गेलेल्या वेळेचा.