आतला भाग डाव्या हाताला

एम.एस्सी.ला कॉम्प्लेक्स अ‍ॅनॅलिसिस शिकवणाऱ्या सरांना नुसत्या हातानं वर्तुळ काढण्याचा अभिमान होता. फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, आणि खांद्यापासून हात एकदाच गर्रकन फिरवायचा. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘वा!’ म्हणायचं आणि सरांना ते ऐकू जायचं. मात्र त्यांची पाठ चांगली रुंद होती. हात कुठल्या अंगानं फिरला ते आम्हाला दिसत नसे. आम्ही आपले तयार झालेलं वर्तुळ वहीत उतरवून घ्यायचो. वर्तुळावर बाण काढायची सरांना सवय नव्हती.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. वर्गात बहुतेक सगळे तालुक्याच्या कॉलेजांतून मराठीत बोलत बी.एस्सी. झालेले. मी कोल्हापुरातलाच, शनिवार पेठेतून सायकल मारत विद्यापीठात यायचो. कॉम्प्लेक्सचा धसका सगळ्यांनाच होता. इथे संख्या एका रेषेवर बसत नाहीत, सपाट पानावर पसरतात. त्या पानावर मधेच एखादा बिंदू असा असतो, की तिथे फंक्शनची किंमत हाताबाहेर जाते. त्याला पोल म्हणायचं. पोलावर पाय द्यायचा नाही, त्याच्याभोवती फेरी मारून यायची. फेरी लहान मारा, मोठी मारा, गोल मारा नाहीतर वेडीवाकडी. आत पोल तेच असले तर उत्तर तेच. बदलते ती फक्त खूण. घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरलात तर अधिक, काट्यांबरोबर फिरलात तर उणे.

हे शेवटचं वाक्य सरांनी इंग्रजीत एकदा सांगितलं असणार. कुणाच्याही वहीत ते नव्हतं. ज्या इंग्रजी पुस्तकात प्रत्येक आकृतीवर बाण होते, त्याची लायब्ररीत एकच प्रत होती, आणि सहामाहीच्या तोंडावर ती गायब झाली. कपाटात नाही, कुणाच्या नावावरही नाही. कुणीतरी लांबवली होती. सर भयंकर चिडले. ज्याच्याकडे पुस्तक सापडेल त्याची टर्म ग्रँट होणार नाही, असं त्यांनी वर्गात जाहीर केलं. टर्म ग्रँट नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष पाण्यात. आमच्या घरी थोरला भाऊ एकटा कमावता होता. दोन वर्षं शीक, वर एक दिवस मागू नकोस, असं त्यानं मला आधीच बजावलं होतं. त्यामुळे वर्ष पाण्यात म्हणजे माझ्यापुरतं शिक्षणच संपलं.

सहामाहीत एक गणित आलं. फंक्शन असं, की कुठेही शून्याच्या खाली जात नाही. पानाच्या वरच्या अर्ध्या भागातून फेरी मारून त्याचं इंटिग्रल, म्हणजे त्याच्याखालचं क्षेत्रफळ, काढायचं. पेपर तपासून आणले त्या दिवशी सर खुर्चीवर बसलेच नाहीत. जवळजवळ सगळ्या वर्गाचं उत्तर उणे आलं होतं. आकडा बरोबर, पण आधी उण्याची खूण.

“फंक्शन सगळीकडे वर आहे, मग त्याच्याखालचं क्षेत्रफळ उणे येईलच कसं?” सर म्हणाले. “एकालाही शंका आली नाही?”

खरं सांगायचं तर नव्हती आली. उणे एकचं वर्गमूळ एकदा मुकाट्यानं गिळल्यावर पुढे उणे क्षेत्रफळ गिळायला कुणाची हरकत असणार? गगनबावड्याकडचा एक धिप्पाड गडी माझ्या शेजारी बसायचा. तो उभा राहिला. “सर, फेरी मारायची म्हटलं की आमी देवाला मारतो तशी मारली. उजवी घालून. चुकलं काय?”

वर्ग हसला, पण जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं होतं. देवळात जन्मभर देव उजव्या हाताला ठेवून फिरलेले पाय. कागदावर पेन्सिल त्याच वाटेनं गेली. वरून डावीकडून उजवीकडे जायचं आणि खालच्या रेषेवरून परत यायचं. काट्यांबरोबर.

“एकाचं बरोबर आहे,” सर म्हणाले, आणि त्यांनी माझा पेपर वर धरला. “पुस्तक कुणाकडे आहे ते मला कळलं.”

मला प्रथम त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा पुस्तक माझ्याकडे नाही, असं मी म्हणालो. कुणी ‘हा तसला नाही’ म्हणेल अशी मी थोडी वाट पाहिली. कुणी म्हणालं नाही. गगनबावड्याचा गडीसुद्धा वहीत बघत होता.

सरांनी खडू पुढे केला. “तेच गणित खालच्या अर्ध्या भागातून करून दाखव.”

हे पुस्तकातून पाठ करून येणारं नव्हतं. मी रेषा काढली, डावीकडून उजवीकडे बाण दाखवला आणि खालून वळसा घालून परत आलो. खालचे दोन पोल फेरीच्या आत आले. म्हणालो, “सर, असं चालताना आतला भाग उजव्या हाताला राहतो. म्हणून इथे उणे घ्यायचं. डाव्या हाताला राहिला असता तर अधिक.” मग हिशोब पूर्ण केला. उत्तर वरच्या फेरीइतकंच आलं, आणि अधिक आलं.

सरांनी हिशोब वरपासून तपासला. “डावा हात, उजवा हात, ही भाषा माझी नाही. पुस्तकातलीही नाही. कुणी शिकवली?”

सांगायची इच्छा नव्हती. घरातली गोष्ट होती ती, आणि तिचं हसं होईल अशी भीती वाटत होती. पण टर्म जाणार होती. सांगितलं.

माझे वडील शिरोलीला एका फौंड्रीत साचे भरणारे मोल्डर होते. हजला जायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तेव्हा मुंबईहून जहाजानं जायचं, आणि जागेसाठी नंबर लागावा लागायचा. अर्ज करून झाला तसे अब्बा तयारीला लागले. काब्याभोवती फेरे घालायचे असतात, काबा डाव्या हाताला ठेवून. अब्बा सुट्टीच्या दिवशी अंगणात पाण्याचं पिंप मधे ठेवायचे आणि त्याच्याभोवती चालायचे. हटकून पिंप उजव्या हाताला ठेवून. गल्लीतले हाजीसाब कट्ट्यावर बसून ओरडायचे, “ओ मामू, उलटं चाललाय! मधलं डाव्या हाताला पायजे!” अब्बा थांबायचे, हसायचे. “काय करू हाजीसाब, कोल्हापूरचं पाय हायती. ऐकत न्हाईत.” मग माझा हात धरून मला पुढे चालवायचे, म्हणजे चूक व्हायला नको. माझं सगळं हायस्कूल त्या पिंपाभोवती गेलं. फेरी म्हटलं की माझा डावा हात आपोआप आत असतो.

इतकं सगळं वर्गात नीट सांगता आलं नाही. तुटक तुटक सांगितलं. पिंपाशी आलो तेव्हा दोघे-तिघे खुदखुदले.

सरांचा आवाज उतरला होता. “मग जाऊन आले का वडील?”

“नाही सर. नंबर लागायच्या आधीच वारले.”

खुदखुदणं थांबलं. सरांनी डस्टर उचललं, परत ठेवलं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पुस्तकाचा विषय संपला. बस.” मग त्यांनी फळ्यावर नवं वर्तुळ काढलं, या वेळी सावकाश, बाजूला उभं राहून, आणि त्यावर ठसठशीत बाण काढला. बाण नसल्यामुळे घोटाळा झाला असं म्हणून सगळ्यांना त्या गणिताचे पूर्ण मार्क दिले. मलाही तेवढेच. सर वाईट नव्हते. त्यांच्याकडे पुढे मी पुष्कळ शिकलो. पुस्तक सापडलं की नाही, ते मात्र मला कधी कळलं नाही.

कँटीनमध्ये गगनबावड्याच्या गड्यानं माझा चहा सांगितला. “सुटलास की लेका,” तो म्हणाला. “आमी तर भ्यालोच हुतो. आता तरी हस.”

सुटलो होतो, हे खरंच. पण मला हसू येईना. राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. उणे उत्तर लिहिणाऱ्या एकालाही कुणी विचारलं नाही, की बाबा रे, हे तुला कुणी शिकवलं? बरोबर लिहिणाऱ्याला विचारलं, आणि मी चोर नाही एवढं पटवायला मला माझ्या मेलेल्या बापाला भर वर्गात पिंपाभोवती चालवावं लागलं.