एका बंडीतली दोन पोरं

तापट म्हणून कल्याणात माझी ख्याती होती, आणि ती मी इमानेइतबारे कमावलेली होती. सरकारी मराठी शाळेत मी मास्तर. आधी आमच्याकडे भटजींची, कारकुनांची, वाण्यांची मुलं यायची. अंगरखा, टोपी, सगळं जिथल्या तिथे. मग आगगाडी आली, मग घाटावर दुष्काळ पडला आणि ठाकुर्लीच्या बाजूला रुळांवर खडी टाकणाऱ्यांच्या झोपड्या उठल्या. दोन-तीन वर्षांत निम्मी शाळा त्यांच्याच पोरांची झाली. उपाशीपोटी यायची बिचारी, तरी पाढे असे खणखणीत म्हणायची की माझा ऊर भरून यायचा.

त्यातलाच एक, खांद्यावर लाल ठिगळाची बंडी घालणारा. डोक्याचा गोटा, डोळे टपोरे. लाघवी पोर, पण विसराळू! आज तेराचा पाढा धडाधड म्हणायचा, उद्या मूग गिळून उभा. "अरे गाढवा, काल येत होता ना? रात्रीत उंदरांनी खाल्ला?" म्हणत मी हातावर छडी ओढायचो. पुढच्या महिन्यात शाळा तपासणारे दिपोटी साहेब परीक्षा घ्यायला येणार होते आणि नापास पोरांचा ठपका माझ्यावर येणार होता. म्हटलं, याचं नावच काढून टाकू. तसं सांगायला रविवारी थेट झोपडी गाठली.

दारात दोन पोरं बसलेली. तोच गोटा, तेच डोळे. एकाच्या अंगात ती बंडी, दुसरा गोणपाट गुंडाळून. बंडीवाला गोणपाटवाल्याला पाढा शिकवत होता.

त्यांची आई लगबगीने उठली. "मास्तर, रागावू नगा. बंडी एकच हाय. पाळीपाळीनं धाडते लेकरं. नाव बी मग एकाचंच लावलं."

म्हणजे मी पोरं बंडीवरून ओळखत होतो! एकाला शिकवायचो आणि दुसऱ्याला बडवायचो. लाज वाटली हो, भयंकर लाज. नाव काढायची गोष्ट न काढताच मागे फिरलो. घरी बायकोला सांगितलं, तर तिने आधी मला फैलावर घेतलं आणि मग माझा जुना अंगरखा उसवून दुसरी बंडी शिवायला बसली. संध्याकाळी मीच ती पोचवून आलो.

सोमवारी दोघं जोडीने आले. हजेरीत मी दुसरं नाव घातलं, कालच्या गोणपाटवाल्याला जवळ बोलावलं आणि आवाज जमेल तेवढा मऊ करून म्हटलं, "म्हण बाळा, तेराचा पाढा."

त्याने नवी बंडी सावरली आणि पाढ्याच्या आधी हात पुढे केला, छडीसाठी.

सगळा पाढा मी तो हात धरूनच ऐकला.