‘अजून एका बाजूनं बघू’ म्हणणारे वानखडे सर

वानखडे सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी विद्यार्थ्यांसोबत किरणोत्सार कुठून येतो ते दाखवणारा गॅमा कॅमेरा बनवला होता, आणि त्याच्यासाठी चाकांची ट्रॉली करून घ्यायला ते अकोल्याला माझ्या भंगार वितळवण्याच्या कारखान्यात आले. ट्रॉली तयार झाली की सर तिच्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवत, ढकलत, आणि थेंब सांडला की परत करत. साठीनिमित्त सरांच्या चिकाटीवर लिहा, असं गौरव अंकाचे संपादक म्हणतात. ती चिकाटी सोसणाऱ्यांवरही कोणी लिहावं.

त्या कॅमेऱ्याला भिंग नाही. गॅमा किरण पुढच्या थरात धडकून वळतो, मागच्या थरात थांबतो. त्यावरून तो कोणकोणत्या दिशांनी आला असेल ते कळतं. असे असंख्य अंदाज जिथं छेदतात, तिथं पडद्यावर लाल ठिपका उमटतो. सर हे टपरीवरसुद्धा समजावतात आणि आपला चहा गार होतो.

मागच्या वर्षी माझ्या भंगाराच्या यार्डात किरणोत्सार मोजणारं यंत्र ओरडू लागलं. सरकारी माणसं मुंबईहून निघाली. तोवर लांबूनच जागा शोधा, असं त्यांनी सरांना सांगितलं. सर लगेच आले. त्यांच्या फोनमधून बाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता : मुलीला बघायला पाहुणे आलेत, पोहे वाढलेत, आणि तुम्ही कुठं?

मी माणसांना सुरक्षित म्हणून भंगाराच्या ढिगामागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवलं होतं. कॅमेऱ्यानं ठिपका ढिगावरच दाखवला. भट्टी खोळंबलेली, क्रेनवाला चावी लावून तयार. मी म्हटलं, उचलू द्या ढीग.

“भाऊ, हा ठिपका दिशा सांगून राहिला. किती आत हाय ते कुठं सांगितलं त्यानं? अजून एका बाजूनं बघू.”

ट्रॉली कुंपणाकडे गेली. मग आणखी पुढं. ऊन डोक्यावर आलं. “मास्तर फोटो काढून राहिला का लगन लावून राहिला?” क्रेनवाला पुटपुटला, आणि मी त्याला गप्प केलं नाही.

सगळ्या बाजूंची चित्रं संगणकानं एकत्र केली तेव्हा ठिपका ढिगातून निघून मागं सरकला. सरांचा आवाज एकदम उतरला.

“भाऊ, शेडमधली माणसं उठवा. आत्ताच्या आत्ता.”

शेडमध्ये आमचे क्रेनवाले बबनराव रोज ज्या जड लोखंडी डब्याला पाठ टेकून जेवत, त्यात कुठल्याशा बंद कारखान्यातला किरणोत्सारी तुकडा निघाला. मुंबईहून आलेल्या सरकारी माणसांनी तो नेला. सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. बबनराव ठणठणीत आहेत आणि सरांना आजही मास्तरच म्हणतात. पाहुणेही पुन्हा आले, लग्न जमलं.

हा लेख सरांना दाखवला. म्हणाले, “एकाच बाजूनं लिहिलं, भाऊ. बाईले विचारा, पोरायले विचारा.” आता काय करावं या माणसाला!

सरांनी शंभरी गाठावी, तब्येत अशीच धडधाकट राहावी आणि आम्हाला असंच ताटकळत ठेवावं. हल्ली सर फाटकात दिसले की मी आधी कपाळाला हात लावतो आणि मग क्रेनची चावी काढून खिशात ठेवतो.