मायनं कॅमेऱ्याला सांगितलेलं

टीव्हीवर मी सनई वाजवताना दिसलो, त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण मला सनई वाजवता येत नाही. येणार कुठून? आमच्या घरात सनईला हात लावायची मला बंदी होती. आणि तिथं बघावं तर मी गाल फुगवून, डोळे मिटून बसलेलो, मागं आबांची खरी सनई चाललेली, आणि निवेदन करणारा भरदार आवाजात सांगतोय की पित्यानं आपली सारी विद्या पुत्राच्या ओंजळीत घातली. शेजारच्या गुरुजींच्या घरात सतरंजीवर बसल्या बसल्या मला घाम फुटला. सगळी आळी वळून माझ्याकडं बघायला लागली. गुरुजी म्हणाले, ‘‘काय हो, इतकी वर्षं शेजारी राहतो, पत्ता लागू दिला नाहीत!’’

मी म्हणालो, ‘‘तसं काही नाही.’’ त्यांना तो माझा विनय वाटला.

आबा म्हणजे माझे वडील. जळकोटातलं आमचं घर वाजंत्र्याचं. देवळात पहाटेची सनई आबांची आणि पंचक्रोशीतल्या लग्नांची सुपारीही त्यांनाच. नवरात्रात तुळजापूरला गेले की लांबलांबचे लोक थांबून ऐकायचे. पुण्याच्या कुणा अभ्यासकानं एकदा मोठी पेटी आणून त्यांचं वाजवणं फितीवर उतरवून नेलं होतं. तेवढं एकच मागं उरलं. त्या फितीवरूनच वीस-एक वर्षांनी टीव्हीच्या लोकांना आबा सापडले. विसरले गेलेले वादक, अशी काहीतरी मालिका होती. आबा जाऊनही तेवढीच वर्षं झाली होती.

पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. आधी शाळेत उर्दूच जास्त, मग मराठी आली. आबांनी मला तुळजापुरातून नवी पाटी आणून दिली आणि म्हणाले, ‘‘लिही. कारकून हो.’’ मला वाटलं, सकाळी शाळा आणि संध्याकाळी सनई. वाजंत्र्याच्या पोराला यापेक्षा वेगळं काय वाटणार? आमच्यात पोरं चालायला लागायच्या आधी फुंकायला शिकतात.

मी अकरा वर्षांचा झालो तरी आबांनी मला बोलावलं नाही. मग एका दुपारी ते झोपलेले बघून मीच खुंटीवरची सनई काढली आणि जोर लावून फुंकली. शेळीच्या ओरडण्यासारखा कायतरी आवाज निघाला. पण निघाला! मला इतका आनंद झाला की मागं आबा उभे आहेत हे कळलंच नाही. त्यांनी सनई हातातून काढून घेतली, कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणाले, ‘‘परत हात लावलास तर बोटं मोडीन.’’ आबांनी आयुष्यात मला तेवढं एकदाच मारलं. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पुढच्याच वर्षी माकणीचा एक पोरगा आमच्याकडं राहायला आला. लांबचं नातं होतं, बाप नव्हता त्याला. आबा त्याला ओसरीवर समोर बसवून शिकवायला लागले. बोट कुठं ठेवायचं, गालात वारा कसा धरायचा, सगळं मायेनं. एकदा चुकला, दोनदा चुकला, तरी आवाज चढला नाही. आणि मी आत बसून तेरा साते एक्क्याण्णव. पोटचं पोर आत आणि दुसऱ्याचं ओसरीवर! मला इतका राग यायचा की पाटीवर पेन्सिल मोडायची. मजा म्हणजे त्याचा सूर हलला की आबांच्या आधी मला कळायचं. आता चुकला, असं मी मनात म्हणेपर्यंत आबा ‘‘अंहं’’ म्हणायचे.

मग मला कान होता का नव्हता? हाच तो घोळ. मी आपली समजूत करून घेतली की नसणारच. असता तर बापानं सोडलं असतं का? त्यानंतर मी भजनात टाळ धरला नाही, आंघोळ करताना गुणगुणलो नाही. चारचौघांत आरती चालली की नुसते ओठ हलवायचे. लोक म्हणायचे, सनईवाल्याचा पोरगा आणि बघा, दिव्याखाली अंधार. मी हसून घ्यायचो.

मॅट्रिक झालो, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला कारकून म्हणून लागलो. आबांशी माझं बोलणं कामापुरतं. कधी आलास, कधी निघणार. शेवटी त्यांना दम्यानं धरलं. ज्या छातीत अर्धी घटका वारा ठरायचा, तिला चार पावलं चालवेना. मी रजा काढून आलो, पायाशी बसलो. आता विचारावं, असं रोज वाटायचं. आबा, मला का नाही शिकवलंत? तोंडातून मात्र निघायचं बदलीचं, रेशनच्या साखरेचं. आबा मान हलवायचे. पंधरा दिवस असे गेले आणि मग आबाच गेले. माकणीचा तो पोरगा तोवर सोलापुरात गिरणीला लागला होता. तोही फार जगला नाही. सनई ट्रंकेत गेली. पुढं मी बदली घेऊन गावी परतलो.

मग टीव्हीवाल्यांची ती जीप आली. एक बाई, एक कॅमेरावाला, एक कानाला ठोकळे लावलेला आवाजवाला. बाई चांगली होती हो, उगाच नावं ठेवायची नाहीत. तिशीची, हसून बोलणारी. घर बघितल्यावर तिचा चेहरा पडला. आम्ही पत्रे घातलेले, भिंतीला निळा रंग दिलेला. तिनं विचारलं, ‘‘जुनं काही नाही का?’’ मग सगळं शूटिंग मागच्या अंगणात झालं. आबांचा फोटो नव्हता. मला म्हणाली, ‘‘काका, तुम्ही वडिलांसारखे दिसता?’’ मी म्हणालो, ‘‘लोक म्हणतात.’’ तिनं लगेच पटका मागवला.

‘‘पण मला वाजवता येत नाही,’’ मी स्पष्ट सांगितलं.

‘‘नुसती ओठाला लावा. आवाज आम्ही नंतर घालू.’’

सनई ट्रंकेतून काढली. अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा ती माझ्या हातात आली, तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा. मी ती ओठाकडं नेईना. बाईला वाटलं मी कॅमेऱ्याला घाबरलो. ‘‘गाल फुगवा, काका. अजून थोडे. डोळे मिटा.’’ मी मिटले. खरं सांगतो, त्या वेळी मला लई बरं वाटलं. आणि मग स्वतःचीच लाजही वाटली.

मायची मुलाखत होती तेव्हा तिनं मला मुद्दाम बाहेर घालवलं. म्हणाली, ‘‘ह्या पाव्हण्यांस्नी चांगला चहा पायजे. जा, दूध घेऊन ये.’’ दूध घरात होतं. मी तसं म्हणालोही. तर माझ्यावर डोळे वटारले. मी गेलो. परत आलो तर अर्धा तास उलटून गेलेला, आणि माय अजून बोलतच होती. मला बघितल्यावर गप्प झाली. ती बाई रुमालानं डोळे टिपत होती. मी विचारलं, ‘‘काय बोललीस गं एवढं?’’ माय म्हणाली, ‘‘दिसंल की टीव्हीत.’’

आणि टीव्हीत काय दिसलं? माय सुपात ज्वारी पाखडतेय. माय दाराकडं बघतेय. माय पदरानं डोळा पुसतेय, जो चुलीच्या धुरानं चुरचुरत होता. आणि निवेदन करणारा म्हणतो, या वृद्धेचं दुःख शब्दांच्या पलीकडचं आहे, ती काहीच बोलत नाही!

‘‘आगं बया!’’ माय भर लोकांत ओरडली. ‘‘म्या इतकं बोलले, अन् ह्यो मुडदा म्हनतो मी मुकी हाय!’’ सगळे हसले. पण माय हसली नाही. फिल्म संपली, नावांच्या पाट्या गेल्या, हिंदी बातम्या लागल्या, तरी जागची उठेना. ‘‘संपली का? अजून हाय का फुडं?’’ असं गुरुजींना तीनदा विचारलं. घरी आल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘म्हंजी तू ऐकलंच न्हाईस.’’

‘‘काय ऐकायचं होतं?’’

‘‘काय न्हाय. नीज.’’

दोन महिने हे चाललं. मी विचारायचो, ती म्हणायची, सांगितलंय एकदा, आता परत न्हाय. मी त्या बाईला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, अगदी आदबीचं. आजींचं बोलणं फार हृद्य होतं, परंतु ते आजोबांच्या कलेविषयी नसल्यामुळे ठेवता आलं नाही, आणि त्या टेपवर आता दुसरं चित्रीकरण झालं आहे. मी ते चारदा वाचलं. आबांच्या कलेविषयी नाही, मग कशाविषयी? सत्तरीची बाई अर्धा तास काय बोलली असेल, जे पोराला ऐकवायचंय पण पोरासमोर बोलायचं नाही?

इकडं माझी कीर्ती पसरलेली. ऑफिसात साहेब ‘‘या, कलाकार’’ म्हणायचे. एसटीत कंडक्टर जागा करून द्यायचा. मी दोन-चार जणांना खरं सांगून बघितलं, कुणी ऐकेना. टीव्हीत दाखवलंय म्हटल्यावर माझ्या शब्दाला काय किंमत? आणि कशाला खोटं बोलू, हळूहळू मलाही ते आठवायला लागलं होतं. आबा मला मांडीवर घेऊन बोटं ठेवायला शिकवतायत, असं. कधीच झालं नव्हतं ते, तरी डोळे मिटले की दिसायचं.

एका रविवारी दुपारी गावातला एक बडा शेतकरी घरी आला. मुलीचं लग्न होतं. म्हणाला, ‘‘काका, मुहूर्ताला सनई तुमचीच पायजे. न्हाय म्हनू नका. मंडपात मधोमध गादी घालतो, पंगतीत माझ्या शेजारी बसायचं.’’ मी विचार करून सांगतो म्हणालो. नंतर त्याला माझे पुढचे दोन दात हलतात असं सांगितलं, ती गोष्ट वेगळी. तो गेला आणि मी आत वळलो, तर माय दारात उभी.

‘‘मंदी बसविनार म्हनला?’’

‘‘हो.’’

‘‘पंगतीत? सगळ्यात?’’

‘‘हो गं. का?’’

ती भिंतीला टेकून खाली बसली. माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

मी सहा वर्षांचा असताना म्हणे आबांबरोबर एका लग्नाला गेलो होतो. वाजंत्र्यांची पानं मंडपाबाहेर, बैलगाड्यांपाशी मांडायची रीत. मला काय माहीत? मी पोरांच्यात आत जाऊन पंगतीत बसलो. कुणीतरी मला दंडाला धरून उचललं आणि बाहेर नेऊन टाकलं. आबांनी ते बघितलं. पण मुहूर्ताची वेळ होती, सनई तोंडातून काढता येईना. ते वाजवत राहिले. घरी येऊन त्यांनी हसत हसत मायला सांगितलं, आमचे चिरंजीव पंगतीत बसायला निघाले होते म्हणून.

‘‘ते हसले. मला हसू आलं न्हाय,’’ माय म्हणाली. ‘‘म्या देवीची शपथ घातली. ह्याच्या तोंडाला ज्या दिवशी सनई लागंल त्या दिवशी मी हिरीत उडी टाकीन. त्येनी लई इनवलं. म्हनले, अगं, पोराचा कान बघ कसा हाय, माझ्यापरीस तेज हाय. म्या ऐकलं न्हाय.’’

मला त्या लग्नातलं काहीही आठवत नाही. दंडाला कुणी धरलं, तेही नाही. कान बघ कसा हाय, हे शब्द आबांचे? माझ्याबद्दल? मला रडू येत होतं का राग, हे अजून सांगता येत नाही. राग असेल तर कुणावर? आबा जाऊन वीस वर्षं झालेली. आणि ही समोर बसलेली, दोन्ही गुडघे धरून.

‘‘मग मला का नाही सांगितलंस?’’ मी ओरडलोच. ‘‘जन्मभर मी त्या माणसाशी धड बोललो नाही. तो मरत होता तेव्हा सुद्धा! त्यांनी तरी का नाही सांगितलं?’’

‘‘मी सांगनार हुते. त्या थपडीच्या दिवशीच. त्येनी मला आडवलं.’’ माय पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘म्हनले, त्याला माझ्यावर रागावू दे. बापावर रागावून पोरगं जगतंय. तुझ्यावर रागावलं तर जेवंल कुनाच्या हातचं?’’

मी खाली बसलो. बायको बाजाराला गेली होती. थोड्या वेळानं मायच उठली, ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं आणि मी पहिला घास घेईपर्यंत तिथंच उभी राहिली.