मोरीचं पाणी आणि माझं माहेर

भोरला आमच्या आळीत दगडी गटार झालं तेव्हा सासऱ्यांना कोण आनंद झाला होता. ते संस्थानच्या कचेरीत कारकून. गटार जणू स्वतःच बांधल्याच्या थाटात ते पाहुण्यांना दाखवायचे. तोवर मोरीचं पाणी परसातल्या अळूला आणि केळींना जायचं. आता मोऱ्या गटाराला जोडल्या आणि अळू वाळलं. "घाण खाली जाते," असं आळीतले सगळे समाधानानं म्हणत. खाली म्हणजे नीरेत. आणि नीरेच्या काठानं दोनेक कोस खाली गेलं की माझं माहेर लागतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पावसाळ्यात गटार तुंबायचं. संडासांची घाण त्यात मिसळायची आणि सगळं उतू जाऊन नदीत पडायचं. नागपंचमीला माहेरी गेले, तर भावाची लहान मुलगी हगवणीनं अगदी चिपाड झालेली. आई नदीच्या पाण्याच्या हंड्यात निवळीचं बी फिरवत होती. गाळ तळाशी बसला.

"बघ, कसं आरशावानी झालं."

"उकळून पाज तिला," मी म्हणाले.

"गंगामाईला चुलीवर ठिवू व्हय? भोरात जाऊन लई शानी झालीस."

आईवर काय चिडायचं? पाणी निवळलं म्हणजे चांगलं झालं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. मला संताप आला तो भोरातल्या त्या 'खाली' शब्दाचा. वहिनीला बाजूला घेतलं आणि पोरीपुरतं तरी पाणी उकळत जा म्हणून बजावलं.

मला भोरला सोडायला आईच आली. उघडीप होती, ऊन चटकत होतं. ती ओटीवर टेकली तशी सासूबाईंनी तांब्या पुढं केला.

"नगं, इहीणबाई. लेकीच्या घरचं पानी चालत न्हाई."

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरच्या पाण्याला शिवायचं नाही, अशी आमच्यात रीत. मला अजून मूल नव्हतं. आई सुकल्या तोंडानं तशीच परत गेली.

सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची सोय नव्हती. म्हणून मी स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणाले, पण ओटीवर ऐकू जाईल अशा बेतानं, "आईनं तुमचा तांब्या नाकारला. आता घरी जाऊन आपल्याच मोरीचं पाणी पिईल."

ओटीवर सुपारी कातरायचा आवाज थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण रागावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कुदळ घेऊन मोरीचं पाणी पुन्हा परसात वळवलं. आळीतल्या चारदोन घरांनी त्यांचं ऐकलं, बाकीचे हसले. गटार उतू जाणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. भाची दिवाळीपर्यंत सावरली.

पुढं मला मुलगा होईपर्यंत आईनं आपला नेम पाळला. तो एकदाही मोडला नाही, अशीच तिची समजूत होती. ती मी तशीच राहू दिली.