घेतली का?

गोळीकाकांना फोनवर ‘हॅलो’ म्हणायची सवय नव्हती. रोज सकाळी दहाला माझ्या नोएडातल्या ऑफिसात फोन वाजायचा आणि पलीकडून एकच प्रश्न यायचा, “घेतली का?”

एकदा मीटिंग चालू असताना मी चुकून स्पीकरचं बटण दाबलं. “घेतली का?” सगळ्यांनी ऐकलं. “घेतली. नाश्ता झाल्याबरोबर,” मीही सरळपणे बोलून गेलो. आमचे साहेब पुण्याचे. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

काकांची ओळख झाली ती हॉस्पिटलात. माझ्या हृदयाची एक नळी तुंबली होती आणि तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवायची होती. आत नेण्याआधी सिस्टरने हातावर मूठभर गुलाबी गोळ्या ठेवल्या. “सब एक साथ.” रोज एकच घ्यायची गोळी एकदम मूठभर? बाईंचा हिशेब चुकला, असं ठरवून मी निम्म्या गिळल्या आणि निम्म्या उशीखाली सारल्या. शेजारच्या खाटेवरचे टकले गृहस्थ लगेच ओरडले, “सिस्टर, इन साहब ने आधी दवाई तकिये के नीचे रखी है.” मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, “चुगलीबद्दल माफ करा. पण जाळी म्हणजे रक्ताच्या दृष्टीने परकी पाहुणी. ते धावत येऊन तिला चिकटतं आणि नळी पुन्हा बंद. या गोळ्या रक्ताला धरून ठेवतात.” सिस्टर समोर उभी राहिली. मी उरलेल्या गिळल्या.

काका दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेले आणि तिथल्याच एका केंद्रीय मंत्रालयातून निवृत्त झालेले. मराठी बोलता बोलता त्यांच्या तोंडात ‘बिल्कुल’ यायचं. त्यांना स्वतःला आधीच एक जाळी होती, त्या दिवशी दुसरी बसली. “रक्त पातळ करायची गोळी” असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा. “पातळ वरण असतं. रक्ताचा फक्त चिकटपणा कमी होतो.” त्यांच्या ऑफिसातल्या सक्सेनांनी बरं वाटतंय म्हणून गोळी आपणहून सोडली आणि महिन्याच्या आत ते गेले. तेव्हापासून काका ओळखीच्या प्रत्येक जाळीवाल्याला फोन करायचे.

काही महिन्यांनी माझी दाढ काढायची ठरली. रक्त फार वाहायला नको म्हणून मी स्वतःच्या अकलेने गोळी बंद केली आणि या दूरदृष्टीवर खूशही झालो. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, “काका, सध्या बंद आहे.” तासाभरात काका रिक्षाने ऑफिसच्या दारात, डोक्यावर माकडटोपी.

“कोणाला विचारून बंद केलीस?”

“कोणालाच नाही. वाटलं...”

“दाढ गेली तर कवळी मिळते. ती नळी बंद पडली तर तुझ्या बायकोला मी काय सांगू?”

रिसेप्शनवरूनच त्यांनी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच्या आत्ता घ्या. दाढेचं रक्त थांबवता येतं, ते दातवाला बघेल. काकांनी खिशातून स्वतःची गोळी काढून दिली. पुढे दाढ निघाली आणि मी संध्याकाळभर कापूस चावत कण्हत बसलो. काका खूश. “बिल्कुल छान. वाहतंय म्हणजे चालू आहे.”

वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी माझी ती गुलाबी गोळी बंद केली. मी पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी आधी डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे म्हणून घेतले, मग पेढा हातातच धरून म्हणाले,

“अच्छा. म्हणजे आता फोनचं काम नाही.”

“आहे की, काका. दुसरी गोळी, ऍस्पिरिन, चालूच आहे. ती जन्मभर घ्यायची.”

त्यांनी पेढा तोंडात टाकला. “जन्मभर म्हणजे, कोणाच्या?”

“दोघांच्याही,” मी म्हणालो.

त्यांच्या बाजूने त्यांनी ते पूर्ण पाळलं. शेवटच्या आजारात आवाज खोल गेला होता, तरी फोन चुकला नाही. माझ्या वाटचा जन्म अजून चालू आहे. त्यातली गोळी आता मला कुणी न विचारता घ्यावी लागते.